नबाबी नगरातील साधी राहणी

हुसेनाबादच्या घंटाघराजवळ, जेथे जुन्या नबाबांची तैलचित्रे टांगलेली आहेत त्या वास्तूच्या परिसरात, एक सरकारी कार्यालय आहे. त्यास 'वसीका' कार्यालय म्हणतात. अवधच्या राजघराण्याचे व त्यांच्या आश्रितांचे वंशज तेथे आपल्या वाट्याची रक्कम घेण्यास येतात. वारसाहक्काने पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्यामुळे कित्येकांचा वसीका आता इतका अल्प झाला आहे की, तो आणण्यास जाण्याचे रिक्षाभाडेही त्याहून अधिक पडते. तरीही माणसे येतात, सही करतात आणि मूठभर रुपये नेतात. लखनौत प्रथम बदलून आलो तेव्हा हा प्रकार ऐकून आम्हांस हसू आले होते. पुढे त्याचा इतिहास कळला आणि ते हसू मावळले.

या पैशाचे मूळ शोधीत गेल्यास आपण एका काटकसरी नबाबापाशी पोहोचतो. लखनौचा नबाब म्हटला की उधळ्या, विलासी, हुक्का ओढीत बसलेला पुरुष आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. सआदत अली खान (कारकीर्द १७९८ ते १८१४) यास मात्र ते वर्णन लागू पडत नाही. १८०१ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने त्याचे जवळजवळ अर्धे राज्य घेतले. उरलेल्या राज्यात त्याने वसुलीची घडी बसविली, दरबारी खर्चास कात्री लावली आणि खजिना भरला. तो कंजूष असल्याची निंदा त्याच्या हयातीतच झाली. त्याच्या पश्चात पुत्र गाझीउद्दीन हैदर गादीवर आला आणि बापाने पै पै करून जमविलेल्या त्या खजिन्यातून नेपाळयुद्धाच्या काळात कंपनीस एक कोटीहून अधिक रुपये कर्जाऊ दिले गेले. मुद्दल परत करावयाचे नव्हते. त्याच्या व्याजातून ठराविक व्यक्तींना व त्यांच्या वारसांना तनखे मिळत राहावेत अशी योजना होती. तोच हा वसीका.

ज्या कंपनीने निम्मे राज्य घेतले, तिच्याच युद्धास त्या राज्याची शिल्लक कामी आली आणि चाळीस-बेचाळीस वर्षांत त्याच कंपनीने उरलेले राज्यही घेतले! काटकसरीचा विषय निघाला की आपण मराठी माणसे तिला सद्‌गुण मानून मोकळे होतो. परंतु नुसता पैसा न खर्चणे यात स्वतःचे असे पुण्य काही नाही. शिल्लक पडते ती कशासाठी आणि कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न सआदत अलीच्या खजिन्याने उभा केला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच प्रश्नाच्या मागे लखनौच्या चार-दोन वास्तूंतून फिरणार आहोत.

न्यायबुद्धीने पाहू गेल्यास उधळपट्टीचीही एक बाजू आहे. आसफुद्दौलाने १७७५ मध्ये फैजाबादेहून राजधानी लखनौस आणली. १७८४ च्या दुष्काळात त्याने मोठ्या इमामबाड्याचे काम काढले ते भुकेल्या प्रजेस मजुरी मिळावी म्हणून. परमेश्वर ज्यास देत नाही त्यास आसफुद्दौला देतो, अशी म्हण या शहरात रूढ झाली ती उगीच नव्हे. नबाबी खर्चाचा बराचसा पैसा शहरात व आसपासच्या मुलखातच फिरत असे. चिकनकाम करणाऱ्या स्त्रिया, जरदोजी कारागीर, अत्तरवाले, कुंभार, आचारी अशी कितीतरी कुटुंबे त्यावर जगत. या शहराच्या गतवैभवाचा इतिहासकार अब्दुल हलीम शरर याने अशा एका आचाऱ्याची हकीकत नोंदविली आहे, जो बदाम कातरून तांदळासारखे व पिस्ते कातरून डाळीसारखे करी आणि त्यांची खिचडी शिजवी. खाणाऱ्यास ती साध्या खिचडीसारखीच दिसे. श्रीमंतीने गरिबीचे सोंग घ्यावे आणि त्यासाठी हजारो बदाम कातरावेत, याहून मोठी चैन ती कोणती! अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन वेब्लेन याने १८९९ साली दिखाऊ उपभोगावर आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला. लखनौचा हा आचारी त्याच्या दृष्टीस पडता तर त्यास एक प्रकरण अधिक लिहावे लागले असते.

आणि उधळपट्टी ही केवळ नबाबांचीच मिरास होती असेही नाही. येथून फार दूर नसलेल्या गंगाकाठच्या बिठूर येथे आमचेच दुसरे बाजीराव १८१८ नंतर कंपनीचे वर्षाला आठ लक्ष रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन राहिले. राज्य गेले होते, परंतु पुण्याहून आलेला लवाजमा, दानधर्म आणि थाट तसाच चालू राहिला. १८५१ मध्ये ते वारले आणि कंपनीने नानासाहेबांस ते वेतन नाकारले, तेव्हा त्या थाटावर जगणाऱ्या आश्रितांचे जे झाले असेल त्याची कल्पना कोणत्याही निवृत्तिवेतनधारकास सहज करता येईल. बिठूरच्या घाटावर सहलीस गेलेल्या आपल्या मंडळींनी हा भागही मुलांना सांगावा. आपण तेथे जातो, मनू व तात्या यांच्या कथा सांगतो आणि डबे उघडून बसतो!

वाजिद अली शाहाचा कैसरबाग १८४८ ते १८५० या अल्पकाळात उभा राहिला. बागा, कारंजी, संगमरवरी पूल आणि बारादरी यांनी नटलेल्या त्या वास्तुसमूहातच 'परीखाना' होता. तेथे नृत्यगायनाचे शिक्षण घेणाऱ्या युवतींना नबाब 'परी' म्हणत असे. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवधचे राज्य खालसा झाले. वाजिद अलीच्या विलासामुळे राज्य गेले असे आपण शाळेत शिकलो. परंतु तो कंपनीने पुढे केलेला बहाणा होता, कारण राज्य घ्यावयाचे हे आधीच ठरलेले होते. काटकसरी सआदत अलीचे निम्मे गेले आणि विलासी वाजिद अलीचे सगळे गेले, इतकाच काय तो फरक.

याच परीखान्यात पुढे एक मराठी माणसाची संस्था नांदू लागली, हा योगायोग आम्हांस नेहमी विलक्षण वाटत आला आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. ते वकील झाले, काही काळ कराचीत व नंतर मुंबईत त्यांनी व्यवसाय केला. १९०० साली पत्नी वारली. १९०३ साली एकुलती कन्या गेली. यानंतर त्यांनी संसाराचा पसारा पुन्हा मांडला नाही. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, नंतर पूर्वेस व उत्तरेस गेले. ग्रंथालये धुंडाळली, उस्तादांची मनधरणी केली, चिजा मिळविल्या व लिहून घेतल्या. १९१० च्या सुमारास वकिली सोडली ती कायमची.

ज्यास आपण साधी राहणी म्हणतो ती भातखंड्यांच्या ठायी व्रत म्हणून आलेली दिसत नाही. त्यांना करावयाचे काम अवाढव्य होते आणि त्यासाठी लागणारा वेळ व पैसा कोठून तरी काढावयाचा होता. तो त्यांनी स्वतःच्या राहणीतून काढला. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' या ग्रंथाचे चार खंड त्यांनी मराठीत लिहिले, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. पुढे त्यांची हिंदी भाषांतरे झाली आणि आज उत्तरेतील विद्यार्थी तीच वाचतात. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सुमारे अठराशे चिजा स्वरलिपीसह छापल्या गेल्या. संस्कृत ग्रंथांवर त्यांनी स्वतःचे नावसुद्धा घातले नाही; कोठे 'चतुर पंडित' तर कोठे 'विष्णुशर्मा' अशी टोपणनावे घेतली. ज्या काळात एकेक चीज घराण्याच्या तिजोरीत कुलूपबंद असे, त्या काळात या गृहस्थाने जे मिळविले ते सर्व छापून मोकळे केले. सआदत अलीच्या खजिन्याशी याची तुलना वाचकांनीच करावी.

विसाच्या दशकात लखनौत संगीत परिषदा भरल्या. त्यांतून राय उमानाथ बली आणि त्या वेळचे प्रांतिक शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साह्याने १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय निघाले. तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्यास देण्यात आले. भातखंडे त्याचे प्राण होते, पण प्राचार्यपदावर ते बसले नाहीत. १९२८ साली ती धुरा त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे आली. रातंजनकर मुंबईचे पदवीधर, बडोद्यास फैयाज खाँ यांच्याजवळ शिकलेले. मैफलीच्या मार्गाने गेले असते तर नाव व द्रव्य दोन्ही मिळविण्याची योग्यता त्यांच्यापाशी होती. त्याऐवजी त्यांनी जवळजवळ तीन दशके या शहरात तुटपुंज्या पगारावर शिकविण्यात घालविली. संस्थेच्या आर्थिक ओढगस्तीचा काळ त्यांनी पाहिला. त्यांच्या घरी शिष्य राहत, जेवत आणि गात. कृष्णराव गिंडे वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लखनौस त्यांच्याकडे आले, ते घरच्या मुलासारखे वाढले. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी ही नावे संगीताच्या जाणकारांस परिचित आहेतच. एका मर्यादित प्राप्तीच्या घरात इतक्या पानांची पंगत रोज कशी बसत असेल, हा विचार गृहिणींच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. इतिहासात त्या स्वयंपाकघराची नोंद नाही.

महाराष्ट्रास ही रीत अपरिचित नव्हती. फर्ग्युसन महाविद्यालयात आजीव सदस्य वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर काम करीत; गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला तो सभासदांनी जुजबी वेतनावर आयुष्य द्यावे या अटीवर. पुण्यात अशा माणसांभोवती त्यांच्यासारखीच राहणारी माणसे होती, त्यामुळे फाटक्या कोटाची लाज वाटण्याचे कारण नव्हते. लखनौत तसे नव्हते. येथे पानदान, पोशाख आणि पाहुणचार यांवरून माणसाची किंमत होई. अशा शहरात साधेपणाने राहावयाचे आणि तरीही मान राखावयाचा, हे अधिक अवघड.

आता १९३६ सालाकडे वळू. या एका वर्षात लखनौने जे पाहिले ते पाहिले असता आम्हांस मोठे नवल वाटते. त्या वर्षी एप्रिलमध्ये काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले; अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यापूर्वी, २८ मार्च रोजी, गांधीजींनी खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्‌घाटन केले. प्रदर्शन म्हणजे लोकांना भुलविणारा तमाशा नव्हे, ते लोकशिक्षण असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यातील कलाविभाग रचण्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांस पाचारण केले आणि बांबू, लाकूड, वेत अशा साध्या द्रव्यांतून शोभा निर्माण करण्याचा प्रयोग येथे झाला. कैसरबागेचे संगमरवर पाहिलेल्या डोळ्यांना तो कसा दिसला असेल!

याच एप्रिलमध्ये, ९ व १० तारखेस, रिफा-ए-आम क्लबात प्रगतिशील लेखकांची पहिली परिषद भरली. अध्यक्षस्थानी मुन्शी प्रेमचंद होते. १९२१ साली गांधीजींचे भाषण ऐकून सरकारी नोकरी सोडलेला हा लेखक (आम्हां सरकारी नोकरांस हे वाक्य लिहिताना किंचित संकोच होतो) काही वर्षे लखनौत 'माधुरी' मासिकाचे संपादन करीत होता. त्याची बुद्धिबळपटूंची कथा सत्यजित राय यांच्या १९७७ च्या चित्रपटामुळे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परिषदेतील भाषणात त्याने सौंदर्याची कसोटी बदलली पाहिजे, असे सांगितले. सौंदर्य केवळ वाड्यात व रेशमात शोधू नये, ते राबणाऱ्या माणसातही असते, असा त्याचा आशय होता. नंदलालबाबूंचा बांबूचा मंडप आणि हे भाषण एकाच शहरात, एकाच पंधरवड्याच्या आगेमागे घडले.

त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे पुढील अधिवेशन खानदेशातील फैजपूर या गावी भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. लखनौचा प्रयोग तेथे पूर्णत्वास गेला. टिळकनगर नावाची ती संपूर्ण नगरी बांबू, चटया व स्थानिक सामानातून उभी राहिली आणि नंदलाल बोसांनी सजविलेल्या रथातून, बैलांच्या सहा जोड्यांनी ओढीत, अध्यक्षांची मिरवणूक निघाली. साने गुरुजी व धनाजी नाना चौधरी यांच्यासारखी माणसे त्या अधिवेशनासाठी राबली. जळगाव-भुसावळकडील जी कुटुंबे आज आपल्या मंडळात आहेत, त्यांच्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी ना कोणी तेथे गेलेले असेलच. अधिवेशन उरकल्यावर त्या बांबूंचे काय झाले, असे आमच्या धाकट्या चिरंजीवांनी एकदा विचारले होते. शोभेचे साहित्य पुढे कोणाच्या तरी छपरास लागते, हाच त्या कल्पनेचा गाभा होता. वातानुकूलित मंडपाच्या प्लास्टिकच्या फुलांविषयी तसे म्हणता येत नाही.

या सर्वांमागे एक विचार होता आणि तो वर्ध्यास घडत होता. डिसेंबर १९३४ मध्ये तेथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे व अमेरिकेत अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ वर्ध्याच्या मगनवाडीत राहत. राहणीमान 'उच्च' व 'नीच' असते ही भाषाच त्यांना मान्य नव्हती. ज्याच्या घरी वस्तू अधिक त्याचे राहणीमान उच्च असे आपण म्हणतो; कुमारप्पा म्हणत, त्यास 'गुंतागुंतीचे' म्हणा, आणि ज्याच्या घरी वस्तू थोड्या त्याचे राहणीमान 'साधे' म्हणा. मग विचार करा की कोणते बरे. शब्द बदलला की दृष्टी कशी बदलते पाहा. केळीच्या पानावर जेवणारा आणि चिनी मातीच्या बशीत जेवणारा यांच्यात उच्चनीच काय? पान गाईस घालता येते. बशी विकत घ्यावी लागते, घासावी लागते, ठेवण्यास कपाट लागते, कपाटास खोली लागते आणि खोलीस कर्ज. वाक्य आमचे आहे, परंतु तर्क कुमारप्पांच्या घरचा.

१९३६ च्या १९ सप्टेंबरला भातखंडे मुंबईत निवर्तले; शेवटची तीन वर्षे ते अर्धांगवायूने अंथरुणास खिळले होते. ८ ऑक्टोबरला प्रेमचंद गेले.

स्वातंत्र्यानंतर लखनौच्या वाड्यांस नवे रहिवासी मिळाले. गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये १९५१ साली केंद्रीय औषधि संशोधन संस्था सुरू झाली. बेगमांच्या महालात पुढे साठ वर्षे रसायनांचे वास दरवळले. १९५७ साली रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संस्था येथे आली. तिच्याबरोबर इतर केंद्रीय कार्यालये व कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग पुण्या-नागपुराकडचे अभियंते, शास्त्रज्ञ व कारकून सहकुटुंब आले. आपल्या मंडळाची पहिली पिढी ती हीच.

या पिढीच्या साधेपणाचे आपण फार गोडवे गातो. त्यातील काही खरे आहेत. लालबहादूर शास्त्री हे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत याच शहरात प्रांताचे मंत्री होते; पुढे पंतप्रधान असताना फियाट मोटार घेण्यासाठी त्यांनी पाच हजार रुपयांचे बँककर्ज काढले आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. १९६५ मध्ये त्यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा घरोघर चुली बंद राहिल्या. परंतु सत्य हेही सांगितले पाहिजे की, त्या काळची काटकसर पुष्कळशी सक्तीची होती. गॅसची शेगडी, दूरध्वनी, स्कूटर या वस्तू पैसे असूनही मिळत नसत. वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे. १९७४ साली तर सरकारने कायदा करून नोकरांच्या वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत घातला. आमचे वडील सरकारी नोकरीत होते. त्या ठेवीविषयी ते जे बोलत ते या स्मरणिकेत छापण्याजोगे नाही. ज्यास दुकानात वस्तूच दिसत नाही तो ती घेत नाही म्हणून त्यास विरक्त म्हणावे काय? १९९१ नंतर दुकाने भरली आणि मागोमाग वेतन आयोग आले, तेव्हा आपली विरक्ती किती दिवस टिकली ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आमच्याच घरचे उदाहरण द्यावयाचे तर, वडील बदलीच्या गावी जात तेव्हा दोन लोखंडी पेट्या, एक वळकटी आणि पितळी भांड्यांचे एक पोते एवढे सामान असे. आज नियमानुसार आम्हांस बदलीच्या वेळी सहा हजार किलोपर्यंत सामान नेता येते. मागील बदलीच्या वेळी ट्रकवाल्याने सामान पाहून, 'साहेब, आणखी एक छोटी गाडी लागेल,' असे सांगितले. आम्ही रागावलो. मग मोजू लागलो. तीन खोकी अशी निघाली की जी त्या आधीच्या बदलीनंतर उघडलीच नव्हती. ती न उघडताच आम्ही लखनौपर्यंत आणली आणि ती अद्यापही तशीच आहेत, ही कबुली दिलेली बरी.

येथवर हा विषय घरोघरचा होता. तो मंडळाचा कसा झाला, ते सांगावयास हवे. पन्नास वर्षांपूर्वी आपला गणपती एका सभासदाच्या अंगणात बसे. जुन्या जमाखर्चाच्या वहीत सुतळी, खिळे, रंगीत कागद, गूळ अशा नोंदी आढळतात. महाप्रसाद बायका रांधीत, पुरुष पाणी भरीत, पंगत पत्रावळींवर बसे. पुढे सभागृह आले, ध्वनिवर्धक आला, आचारी आला, त्यानंतर आचाऱ्याच्या जागी कंत्राटदार आला. वर्गणी वाढत गेली. एके वर्षी सर्व महिलांनी एकाच रंगाच्या पैठण्या नेसाव्यात असे ठरले. त्या वर्षी कार्यकारिणीत आम्हीही होतो आणि वर्गणीवाढीच्या ठरावास आम्हीच अनुमोदन दिले होते. दिखाऊ उपभोगाविषयी वर जे विद्वत्तापूर्ण लिहिले आहे, ते सर्व आम्हांस तेव्हाही ठाऊक होते.

त्याच सुमारास एक कुटुंब येईनासे झाले. गृहस्थ एका खासगी पेढीत हिशेब लिहीत. आपल्यापैकी बहुतेकांसारखे ते सरकारी नोकर नव्हते. त्यांच्या मुलाचा आवाज गोड होता, आरतीस तो पुढे असे. वर्षभर कोणाच्या ध्यानात आले नाही. एके दिवशी नरहीच्या बाजारात भाजी घेताना वहिनी भेटल्या. आम्ही विचारले, 'वहिनी, बऱ्याच दिवसांत मंडळात दिसला नाहीत?' त्या प्रथम काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'भावजी, गणपती आमचाही आहे. पण दर वेळी आधी बेरीज करायची आणि मग देवाला जायचं, हे किती दिवस जमणार?' आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

परक्या मुलखात चार मराठी शब्द कानी पडावेत यासाठी आपण मंडळ काढले. ज्या घरास त्याची गरज आपल्याहून अधिक होती तेच घर आपल्या थाटाने बाहेर ठेवले, आणि तेही कोणी दार लावून घेतले म्हणून नव्हे. नबाबाच्या दरबारात निदान भुकेल्यास इमामबाड्याच्या विटा वाहावयास तरी बोलावीत.

पुढील बैठकीत आम्ही हा विषय काढला. वादावादी झाली. 'आता लोकांना पंगतीत वाढायला वेळ आहे कुठे?' असे एकांनी विचारले, आणि ते खोटे नव्हते. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात पुरणयंत्र फिरविणार कोण? 'सुवर्णमहोत्सव एकदाच येतो,' असे दुसरे म्हणाले. ज्येष्ठ सभासद असलेल्या एका आजींनी मात्र विचारले की, पहिल्या वर्षीच्या पत्रावळी कोणी लावल्या होत्या हे कोणास आठवते काय? कोणासच आठवत नव्हते. त्या म्हणाल्या, 'मी लावल्या होत्या. आणि तुझ्या आईनं.' हे उद्‌गार कंत्राटदाराचे समर्थन करणाऱ्या गृहस्थांस उद्देशून होते.

अखेर तडजोड झाली. महोत्सवाच्या रात्रीचे भोजन कंत्राटदाराकडेच राहिले. गणपतीचा महाप्रसाद मात्र मागील दोन वर्षे आपण सर्व मिळून करीत आहोत. वर्गणीची रक्कम ठरलेली नाही, बंद पेटी ठेवलेली असते आणि साड्यांच्या रंगाचा ठराव रद्द झाला आहे. पहिल्या वर्षी वरण करपले. दुसऱ्या वर्षी बरे झाले. बाजारात भेटलेल्या त्या वहिनी या वर्षी आल्या होत्या आणि पुऱ्या लाटीत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आता महाविद्यालयात जातो. तो आला नाही.

राहता राहिली ही स्मरणिका. ती गुळगुळीत कागदावर रंगीत छापावी की साध्या कागदावर एका रंगात, यावर दोन बैठका खर्ची पडल्या. साध्या कागदाचा पक्ष एका मताने जिंकला. ते मत कोणाचे, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचकांनी छपाई फिकट आल्याची तक्रार मात्र संपादकांकडे करावी, आमच्याकडे करू नये.